हाजींची कॉफी आणि जागृतीची नोटीस

बहारीनचा ऑगस्ट म्हणजे चष्मेवाल्यांचा वैरी. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की काचांवर असं धुकं चढतं, की समोर माणूस उभा आहे की खांब, ते कळू नये. जागृती मनामातल्या ऑफिसच्या पायऱ्या उतरली, समोर पांढरी गाडी दिसली – म्हणजे पांढरं काहीतरी दिसलं – दार उघडून मागे बसली आणि म्हणाली, "भैया, मुहर्रक. यल्ला, चलो."

गाडी निघाली.

या बेटावर दर दुसरी गाडी पांढरी असते, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण छातीशी धरलेल्या फाईलमध्ये तिने लिहिलेली पहिली कायदेशीर नोटीस होती. अशा दिवशी माणूस गाडीचा नंबर बघतो का?

तिने आईला फोन लावला. "हो, निघाली मी. टॅक्सीनं... नाही, ड्रायव्हर काहीच बोलून नाही राहिला. गाडी स्वच्छ आहे... दिसायला? आई, त्याच्या दिसण्याचं काय करायचंय? – बरा आहे. कान मोठे आहेत जरा."

पूल ओलांडून गाडी सिग्नलला थांबली. ड्रायव्हर आरशात न बघता मराठीत म्हणाला, "कान आजोबांवर गेलेत. इलाज नाही की ओ."

जागृतीने ओढणीने चष्मा पुसला. गाडीत मीटर नव्हता. पुढच्या सीटवर फायलींचा ढीग होता आणि आरशात हसू दाबणारे दोन डोळे.

"तुम्ही टॅक्सीवाले नाही?"

"नाही. पण तुम्ही इतक्या हक्कानं बसलात, म्हटलं कशाला नाराज करा. मलाही मुहर्रकलाच जायचंय."

उतरायचं घरही एकच निघालं. कारण ज्या हाजी नझीरना नोटीस द्यायची होती, त्यांच्याच वकिलाकडे हा उज्ज्वल उमेदवारी करत होता. सोलापूरच्या आईबापांचा, वाढलेला मात्र इथलाच. दारातच त्याने पाकीट घेतलं, नोटीस वाचली आणि पोच म्हणून सही दिली.

"इंग्रजी झकास आहे," तो म्हणाला. "हाजी चिडणार."

"का?"

"इथं आधी घरी येतात. नोटीस नंतर."

"असं कोणत्या कायद्यात लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "म्हणूनच सगळे पाळतात."

घरी जाताना जागृतीला त्याचा भयंकर राग आला होता. इतका, की जेवतानाही तो गेला नाही. आईने, लीलाबाईंनी, दोनदा विचारलं, कोणाचा विचार करून राहिली?

जागृतीचे वडील, दशरथ, मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये क्रेन दुरुस्त करत. मुलगी मावशीकडे राहून नागपूरला वकिली शिकली आणि मग आईवडिलांकडे आली. नातेवाईक म्हणाले, पोरीचं डोकं फिरलं. हायकोर्ट सोडून या एवढ्याशा बेटावर कसली वकिली? कोर्टात उभं राहायचं ते इथल्या वकिलांनी; हिने मसुदे लिहायचे, फायली वाहायच्या, अशिलांचं हिंदी ऑफिसच्या मुख्य वकील सुहा मॅडमना समजावून सांगायचं. पण जागृतीला तेच आवडलं. घरातल्या बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभी राहून ती म्हणाली होती, सुरुवात कुठूनही करीन, पण करीन वकिलीच. सुहा मॅडमनी तिला हिवाळ्यापर्यंतची उमेदवारी दिली होती. पुढे एक तर पक्की नोकरी आणि व्हिसा, नाहीतर नागपूरचं तिकीट. मॅडम गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

पहिलं प्रकरण बानूचं. हैदराबादची बानू हाजींच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर कितीतरी वर्षं अबाया, म्हणजे बायकांचे पायघोळ काळे झगे, शिवत होती. कागद काहीच नव्हता, सगळं तोंडी. आता हाजींच्या पुतण्याला तिथे कॅफे काढायचा होता. बानूला निरोप आला, जागा रिकामी कर. बानू घाबरून सुहा मॅडमकडे आली, मॅडमनी मसुदा जागृतीला दिला आणि जागृतीने तो असा घणाघाती लिहिला, की मॅडमनीही भुवया उंचावून सही केली.

हाजी खरोखरच चिडले. पुढचे काही महिने दोन्ही ऑफिसांमधून नुसती पत्रं धावली, आणि पत्रांबरोबर दोन्ही उमेदवार. मधल्या वाटेवर करक चहाची, म्हणजे इथल्या दाट दुधाळ चहाची, टपरी होती. प्रकरणाबद्दल अक्षर बोलायचं नाही, असा दोघांचा करार होता. तो त्यांनी इमानाने पाळला. त्यामुळे मग बाकीच्या सगळ्याबद्दल बोलावं लागलं.

"तुम्ही चहात एवढी साखर घालता?" तो विचारायचा.

"विरुद्ध पक्षाच्या प्रश्नांना मी उत्तरं देत नसते."

"बरं. मग मीच घालतो." आणि तो घालायचाही – बरोबर तिला लागते तेवढीच.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. टपरीवाल्याला कळलं असणार. तो एका चहावर एक फुकट द्यायला लागला.

शेवटी हिवाळ्यात हाजींनी बोलावणं धाडलं. एकदाच बसतो, मग खलास. सुहा मॅडम जागृतीला म्हणाल्या, हे मिटलं नाही तर बानू जाईल. आणि तुझ्याबद्दलही मला याच आठवड्यात ठरवायचंय. आवाज असा, जणू हवामान सांगत होत्या.

हाजींची बैठक विमानतळाच्या अगदी कुशीत. विमान डोक्यावरून गेलं की सगळे बोलणं थांबवत आणि गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे सुरू करत. वकील हाजींजवळ मानाच्या जागी बसले, बानू कोपऱ्यात, आणि दाराजवळच्या शेवटच्या गादीवर दोन उमेदवार शेजारी शेजारी. हाजी इथल्या जुन्या व्यापाऱ्यांसारखे हिंदी बोलत. नोटीसवर हात आपटून ते म्हणाले, "एवढी वर्षं ही बाई माझ्या छपराखाली आहे. माझ्या बायकोचे सगळे कपडे हिने शिवले. आणि बोलायला येते कोण? कागद!"

मॅडमनी एक तोड सुचवली. हाजी नाही म्हणाले. दुसरी सुचवली, तीही नाही. कॉफी आली. आता या कॉफीशी जागृतीचं जुनं वैर होतं. वाढलेलं नाकारू नये ही लीलाबाईंची शिकवण, त्यामुळे अशिलांच्या घरी ती पेल्यामागून पेले कडू कॉफी रिचवत आली होती. पेला रिकामा झाला की लगेच भरतात! म्हणून आज तिने शक्कल लढवली होती. पेला रिकामाच करायचा नाही. तिने तो भरलेलाच समोर ठेवून दिला.

सगळ्यांनी बोलणं थांबवलं. वर विमानही नव्हतं.

"कॉफी खाली का ठेवलीस?" उज्ज्वल ओठ न हलवता पुटपुटला.

"भरलेल्यात कोण ओतणार?"

"अगं – पाहुण्यानं भरला पेला खाली ठेवला, म्हणजे त्याला काहीतरी मागायचंय. मान्य असेल तर यजमान म्हणतो, कॉफी पी. हाजी बघतायत. आता माग."

"बोल बेटी," हाजी म्हणाले. "काय हवंय?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. जागृतीने ओढणी सावरली. दुकान मागावं? ते तर दोनदा नाकारून झालं होतं. तिचं लक्ष त्यांच्या हाताखालच्या त्या कागदाकडे गेलं. तिचा पहिला मसुदा. त्यातलं एकेक वाक्य तिला पाठ होतं.

"ही नोटीस मी लिहिली," ती म्हणाली. "मला ती परत न्यायची आहे. आणि बानूताईंना जे विचारायचंय, ते त्यांनी स्वतः विचारावं. एवढंच मागणं."

सुहा मॅडमचं पेन थांबलं. उमेदवाराने मॅडमना न विचारता नोटीस मागे घेतली! जागृतीला डोळ्यांपुढे नागपूरचं विमानतळ दिसू लागलं.

हाजी कोपऱ्यात बघत होते. "तू का नाही आलीस माझ्याकडे?"

"हिंमत नाही झाली, बाबा," बानू म्हणाली. "तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मी कुठे गेले असते?"

म्हाताऱ्याने बराच वेळ दाढी कुरवाळली. विमान आलं आणि गेलं. मग त्यांनी नोटीस उचलून जागृतीपुढे धरली. "कॉफी पी," ते म्हणाले. "दुकान राहील. कॅफे पुढच्या खोलीत होईल. गिऱ्हाईकं कॉफी पीत बसतील आणि बायका माप देतील."

"तुमचा शब्द राहू द्या," जागृती म्हणाली, "पण या वेळी कागदही करू. माझा. एक पान, सोपं."

हाजी हसले. तिने ती गार कडू कॉफी एका दमात संपवली, आणि वाढणाऱ्याने पेला लगेच पुन्हा भरला.

"पेला हलवायचा असतो, बाई," उज्ज्वल पुटपुटला. "पुरे झाली की."

"विरुद्ध पक्षाला सल्ला देतोस?"

"कॉफीबद्दल दिला. कायद्याबद्दल कुठं दिला?"

गाडीत मॅडमनी पूल संपेपर्यंत फायली चाळल्या. मग म्हणाल्या, मला न विचारता पुन्हा असं केलंस तर तू आणि तुझी बॅग दोघी रस्त्यावर. थोडं पुढे गेल्यावर, त्याच आवाजात – रविवारी पासपोर्ट घेऊन ये, पक्क्या व्हिसाचं काम सुरू करू. जागृतीने खिडकीकडे तोंड फिरवलं. चष्म्यावर पुन्हा धुकं चढलं होतं, आणि या वेळी दोष हवेचा नव्हता.

त्या शुक्रवारी पाऊस पडला. इथला पाऊस पाहुण्यासारखा, क्वचित येणारा. रस्त्यांना गटारं नाहीत, तासाभरात गल्लीचं तळं होतं. त्या तळ्यातून विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात धरून उज्ज्वल जागृतीच्या घराच्या दारात उभा राहिला. दशरथना "जय भीम, काका" म्हणाला, बूट कुठे ठेवू ते विचारलं आणि सोफ्याच्या अगदी कडेवर टेकला.

लीलाबाईंनी चहा आणला. उज्ज्वलने कप घेतला आणि तसाच टेबलावर ठेवून दिला.

चहावर साय धरली. लीलाबाई अस्वस्थ झाल्या. "काहून जी, साखर कमी पडली का?"

दशरथनी मोबाईल बाजूला ठेवला. माणसाची उभी हयात या बेटावर गेली होती. मिशीत हसून ते म्हणाले, "साखरेचं नाही ते. मागणं आहे. कोणाकडे आहे, तेवढं विचार त्याला."

उज्ज्वलचे ते मोठे कान लालबुंद झाले. "मागणं... वकीलबाईंकडं आहे."

जागृती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. आता ती पक्की नोकरी असलेली बाई होती. चेहरा सांभाळायला शिकली होती.

"विरुद्ध पक्षाची माणसं अशी थेट घरी येतात का?"

"इथं आधी घरी येतात," तो म्हणाला. "नोटीस नंतर."

बाहेर कोणाची तरी गाडी पाण्यातून हळूहळू गेली. जागृती पुढे आली, तिने चमचा उचलला, वरची साय अलगद बाजूला केली आणि कप त्याच्या हातात दिला. त्याची बोटं पावसाने गार पडली होती. तिने आपली लगेच काढून घेतली नाहीत.

"चहा पी," ती म्हणाली. "निवून राहिला."

त्याने तो एका दमात संपवला. लीलाबाई किटली घेऊन पुढे आल्या, आणि त्याने कप हलवला नाही. नुसता पुढे केला.