अडांक

शिरवळच्या कारखान्यात गिअरपेटीच्या जुळणीला चौदा ठाणी होती आणि चौदा माणसं. त्यांच्या डोक्यावर, काचेच्या खोलीत, संज्योत टेमकर. ही जुळणी-साखळी किती लवचीक आहे हे मोजणं, एवढंच तिचं काम.

मोजायची रीतही तिचीच. संगणकात या साखळीची हुबेहूब छायासाखळी चालायची. तिच्यातून एक माणूस उचलायचा, हजार दिवसांचं काम चालवून पाहायचं आणि किती गिअरपेट्या अडल्या ते मोजायचं. तो त्या माणसाचा अडांक. सगळ्यांचा अडांक शून्य झाला की लवचिकता शंभर. कुणावाचून कुणाचं अडत नाही, हे आपल्याकडे लोक समाचाराला आल्यावर उगाच बोलून जातात. संज्योतने त्याचं गणित केलं.

लवचिकता नव्वदीच्या वर गेली नाही तर जुळणी दुसरीकडे हलवू, असं मुख्यालयाने बजावलं होतं. तेव्हा संज्योत खाली उतरली. एकमेकांची कामं शिकून घ्या, सगळे शून्यावर या, मग तुमच्यातल्या एकालाही कोणी हात लावणार नाही, असा शब्द तिने दिला. माणसांनी तो खरा मानला. संवेदक बसवलेले हातमोजे घालून वर्षभर त्यांनी एकमेकांना हातचं काही न राखता शिकवलं.

अडून बसला तो एकटा गोपीनाथ भिसे. बेअरिंग नीट बसलं की नाही हे तो नुसत्या कानाने ओळखायचा. त्याचा अडांक एक्केचाळीस. विद्या काय सरणावर नेणार आहेस का, म्हणून बाकीचे त्याला चिडवायचे. संज्योतने दोन महिने त्याच्या ठाण्यापाशी बसून विनवण्या केल्या, तेव्हा कुठे तो विरघळला. आवाज शब्दांत सांगता येईना, म्हणून त्याने नावं पाडली: कोरडा, ओला, रुसलेला. तेराही जण ती शिकले. छायासाखळीही शिकली.

सोमवारी आकडा आला, शंभर. त्याच दिवशी मुख्यालयाचे गणिती डॉ. इनामदार येऊन थडकले. त्यांनी आकडे पाहिले, मनापासून शाबासकी दिली आणि पहिलं नाव कोणाचं, असं विचारलं. संज्योतला अर्थच लागेना.

"कोणाचंच अडत नाही ना?" इनामदार म्हणाले. "मग एक माणूस कमी करू. हातमोज्यांत त्याचं सगळं काम साठलंय, यंत्रहात ते करील."

"एकेकाचं अडत नाही, सर. सगळ्यांचं मिळून अडतं. माझं मोजमाप एका माणसापुरतंच खरं आहे."

"सगळ्यांना कोण काढतंय? एकेकालाच काढू. महिन्याने पुन्हा मोजा. शून्यच आलं, तर पुढचा."

संज्योतने मनातल्या मनात करून पाहिलं. एक गेला, त्याच्या जागी यंत्रहात आला. उरलेल्या तेरा जणांचा अडांक पुन्हा शून्य. मग बारा जणांचा. चौदा महिने, आणि प्रत्येक पायरीवर तिचं गणित बिनचूक. चूक सापडावी म्हणून ती अधाशासारखी शोधत राहिली. चूक नव्हती.

सगळेच शून्य, त्यामुळे आधी कोण हे यंत्राला सांगता येत नव्हतं. ते तुम्हीच लिहा, तुम्ही माणसं ओळखता, असं म्हणून इनामदारांनी कपातीचा कोरा अर्ज तिच्यापुढे सरकवला. मी लिहिणार नाही, असं ती म्हणाली. मग जुळणी हलवतो, ते शांतपणे म्हणाले. तसं झालं तर चौदाही जण एकाच दिवशी घरी.

अर्ज घेऊन ती खाली आली. खाली पेढे वाटणं चाललं होतं. गोपीनाथ हात पुसत तिच्यापाशी आला.

"मॅडम, माझा किती आला?"

"शून्य."

त्याचा चेहरा खुलला. "म्हंजी आता माझ्यावाचून अडायचं न्हाई. अकरा वर्सं सलग दोन दिस कुणी सोडलं न्हाई मला, साखळी अडती म्हणून. लेक कराडला दिलीया, नातू तीन वर्सांचा झाला, अजून बघितला न्हाई. आता आठ दिस जाऊन येऊ का?"

"या जाऊन, गोपीनाथराव," संज्योत म्हणाली.

तो पेढा आणायला वळला, आणि तिने अर्जावर त्याचं नाव लिहिलं.