ओडिलची बादली

जेटीवर पसरलेल्या जाळ्यात तारेचं एक भलंमोठं रीळ गडगडत येऊन घुसलं, आणि त्याच्यामागून धावत आला एक उंच मुलगा!

"ए, हे जाळं कोलंबीसाठी आहे," ओडिल कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुझ्यासाठी नाही."

"सॉरी, ओडिल... तार आहे. तापमापक बांधून दीडशे मीटर खोल सोडतो मी."

"माझं नाव कसं ठाऊक?"

"रोज सकाळी रेडिओवर ऐकतो." तो तार सोडवत हसला. "पाण्याच्या बातमीसाठी नाही... आवाजासाठी. मी क्लोव्हिस. विद्यापीठाच्या बोटीवर असतो."

पावसाची भुरभुर चालू होती, तरी ओडिलचे गाल तापले.

तिची बादली साऱ्या खाडीत प्रसिद्ध होती. रोज सकाळी समुद्रात बादली बुडवायची, पाणी किती गरम ते मोजायचं आणि रेडिओवर सांगायचं. या मोसमात वादळाचे तिचे दोन अंदाज बरोब्बर आले होते. लुइझियानाच्या त्या टोकाला तीसएक बोटी तिच्या शब्दावर हलायच्या. आता आखातात नवं वादळ उठलं होतं. पण तीन दिवसांच्या पावसाने बादलीतलं पाणी चक्क दीड अंशाने उतरलं होतं.

"वादळ गरम पाण्यावर जगतं. आता उपाशी मरणार," ती ऐटीत म्हणाली.

क्लोव्हिस घुटमळला. "बादलीत फक्त वरचा पदर येतो गं. गम्बोच्या रश्शाचं पातेलं आठव. नुसतं वर गरम असेल तर ढवळलं की गार होतं. वादळसुद्धा समुद्र ढवळतं. खालून गार पाणी वर आलं की त्याचा जोर जातो. पण यंदा बाहेर शंभर मीटरपर्यंत गरमच आहे. कितीही ढवळलं तरी गरमच वर येणार... ते खातच सुटेल."

जेटीवरचे सगळे बघत होते. आणि ओडिलने काय करावं? सरळ रेडिओचा माइक उचलला!

"ऐका हो! विद्यापीठातून एक आचारी आलाय. त्याला वादळ म्हणजे आईचं गम्बो वाटतंय! बोटी इथेच राहू द्या."

रेडिओभर हशा पिकला. क्लोव्हिसचे कान लाल झाले. तो तार गुंडाळून निघून गेला.

दुसऱ्या सकाळी वादळ दुप्पट झालं होतं.

बोटी खाडीतून वर नेऊन सायप्रसच्या झाडांना बांधायला दोन दिवस लागतात. हातात होता एकच. पापा काही न बोलता दोर सोडत होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं! सत्तरीची ऑझेलीमावशी एकटी राहायची. तिची बोटसुद्धा जेटीलाच होती, केवळ ओडिलच्या शब्दावर. ओडिलला स्वतःच्या हातातल्या बादलीकडेही बघवेना.

"सगळे तुझी वाट बघतायत," पापा हळूच म्हणाले.

माइक जड झाला होता.

"मी ओडिल... आज बादली नाही. काल मी चुकले. आणि ज्याचं बरोबर होतं, त्याला सगळ्यांसमोर हसले. कारण... कारण तो मला आवडला होता, आणि त्याच्यासमोर मला हुशार दिसायचं होतं. बोटी वर काढा. आत्ता. क्लोव्हिस... माफ कर."

नुसती खरखर. मग त्याचा आवाज, धापा टाकत, "मी ऑझेलीमावशीच्या बोटीवर आहे. आधी दोर, मग बोलू."

बस्स, एवढंच. दिवसभर ती मान खाली घालून दोर ओढत राहिली. वाटेत भेटणाऱ्या कुणाच्या नजरेला नजर देववेना. वारा वाढत गेला... आणि अंधारायच्या आत शेवटची बोट सायप्रसला बांधली गेली.

तेव्हा रेडिओ खरखरला. "ओडिल?"

"पोरांनो, हे चॅनेल कामाचं आहे," मध्येच ऑझेलीमावशी खेकसली. "अडुसष्टवर जा!"

ओडिलने बटण फिरवलं. आजूबाजूच्या बोटींतूनही टक, टक, टक आवाज आले. म्हणजे सगळी खाडी अडुसष्टवर! तिला पाण्यात उडी मारावीशी वाटली.

"सकाळी म्हणालीस ते..." क्लोव्हिस अडखळला. "नुसतं वरवरचं होतं?"

ती लाजेने लाल झाली होती. तीस बोटी श्वास रोखून ऐकत होत्या.

"नाही," ती म्हणाली. "पार खालपर्यंत... ढवळून बघ."