शेवटच्या प्रवेशाला वन्स मोर

नाटक बंद होतंय ही बातमी ग्रुपवर पडली तेव्हा स्नेहल लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नावांच्या पट्ट्या चिकटवत होती. ‘वाढलेलं ताट’ दिवाळीपर्यंत दर रविवारी होणार, असे फलक राजारामपुरीपासून रंकाळ्यापर्यंत लागले होते, आणि अजून गणपतीसुद्धा बसले नव्हते. दिग्दर्शक प्रसेनजीतनं एवढंच लिहिलं होतं की प्रयोग थांबवत आहोत, कारण कृपया विचारू नये.

कोल्हापूरच्या माणसाला कारण विचारू नको म्हणणं म्हणजे त्याला दारात बोलावणंच. संध्याकाळी पंधरा-वीस जण प्रसेनजीतच्या फ्लेक्स छपाईच्या दुकानासमोर जमले. दूध डेअरीवाला यशराज सगळ्यांत पुढं, हुपरीहून एसटीनं खास आलेल्या तानाबाई त्याच्या मागं, आणि त्यांच्या शेजारी स्नेहलचा हात धरून तिचे वडील गणपतराव, म्हणजे आबा.

आबांसाठीच ती आली होती. आई गेल्यावर आबांनी बोलणं टाकलं होतं. एसटीचा ड्रायव्हर म्हणून अख्खी नोकरी हॉर्न आणि आरडाओरड्यात काढलेला माणूस, पण वर्षभर खिडकीशी मुका बसून राहिला. मग शेजाऱ्यांनी या नाटकाला ओढून नेलं, आणि परतताना रिक्षात आबा आपणहून म्हणाले, की ती बाई भाकरी चुकीची थापते, तिला कुणीतरी सांगायला पाहिजे. स्नेहल घरी येऊन न्हाणीघराचं दार लावून रडली होती. तेव्हापासून त्यांचा एकही रविवार चुकला नव्हता. नाटक बंद झालं की आबा पुन्हा खिडकीशी जाऊन बसतील, ही धास्ती तिनं कुणापाशी बोलून दाखवली नव्हती.

“नाटक तुझ्या एकट्याचं हाय काय?” यशराजनं सुरुवातच तिथून केली. “सेट आमी उचललाय. भाकऱ्या ह्या आबांनी रंगवल्यात. आमाला न विचारता बंद करतोस व्हय?”

त्यात खोटं काही नव्हतं. मोठं नाट्यगृह आगीत गेल्यापासून गावातल्या नाटकांना जागाच उरली नव्हती. शाहूपुरीतलं गुळाचं एक जुनं दगडी गोदाम मिळालं, ते या मंडळींनीच झाडून काढलं, खुर्च्या मांडल्या, स्टेज ठोकलं. ताटातल्या भाकऱ्या थर्माकोलच्या होत्या आणि त्यांवरचे करपलेले डाग आबांनी चष्मा लावून एकेक करून उठवले होते.

प्रसेनजीतनं दुकानातलं मशीन बंद केलं. “शेवटच्या प्रवेशात दार वाजतंय, ते कोण वाजवतंय?”

“तू. विंगेत उभा ऱ्हाऊन, लाकडाच्या ठोकळ्यावर.”

“मागच्या दोन रविवारी मी वाजवलं न्हाय.”

कुणीतरी फिस्सकन हसलं.

“हसू नका. माझे दोन्ही हात पडद्याच्या दोरीवर होते. वाजलं ते दारामागनं.”

ते दार स्नेहलच्या चांगलं ओळखीचं होतं. सेटचं दार ते. गोदामाच्या मागच्या भिंतीला अगदी लागून उभं केलेलं. दारामागं मांजर शिरायलासुद्धा जागा नव्हती. “उंदीर असतील, प्रसेनजीतदादा,” ती म्हणाली. यशराजनं तर त्याला सरळ भित्रा ठरवून टाकलं. भित्रा म्हटल्यावर तोही कोल्हापूरचाच. येत्या रविवारी दुपारी शेवटचा प्रयोग करायचं त्यानं कबूल केलं. अट एकच घातली. शेवटच्या प्रवेशाला वन्स मोर द्यायचा नाही.

“का म्हणून?”

“वन्स मोर आला की सोनमला पुन्हा करावं लागणार. आणि मला वाटतंय, ह्या खेपेला ती कडी काढंल.”

सोनम त्याची बायको. नाटकात ती परागंदा झालेल्या नवऱ्याची वाट बघणारी बाई व्हायची. रोज सांजेला ताट वाढून बसते, ओवी गाते, आणि अगदी शेवटी दार वाजतं. ती उठते, कडीला हात लावते, पडदा पडतो. कोण आलं ते प्रेक्षकाला कधीच कळत नाही. त्या ओवीला दर प्रयोगात वन्स मोर ठरलेला असायचा, पण तो ओवी संपता संपता, दार वाजायच्या आत. वन्स मोर आला की नटानं पुन्हा करायचं, नाही म्हणायची पद्धत नाही.

रविवारी गोदाम गच्च भरलं. ओल्या हवेनं भिंतींतून गुळाचा जुनाट गोड वास सुटला होता. आबा नवा सदरा घालून खुशीत होते. त्या खुशीत दुपारचं जेवण धड गेलं नव्हतं. इन्सुलिन मात्र टोचून झालं होतं. नाटक सुटलं की थेट घरी नेऊन जेवू घालायचं, असं स्नेहलनं मनाशी ठरवलं आणि पर्समधल्या लिमलेटच्या गोळ्या चाचपून बघितल्या. ती कडेच्या खुर्चीवर बसली. तिथून विंगेतला प्रसेनजीत दिसायचा. तिच्या एका बाजूला आबा, त्यांच्या पलीकडं तानाबाई.

नाटक असं रंगलं की विचारू नका. शेवटच्या ओवीला तानाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग दार वाजलं. स्नेहलनं विंगेत बघितलं. प्रसेनजीतचे दोन्ही हात दोरीवर होते. ठोकळा त्याच्या पायाशी पडला होता.

पडदा पडला. आणि यशराज खुर्चीवर चढला.

“वन्स मोर!”

नको म्हटलेलं होतं, म्हणूनच तर. सगळं गोदाम उठलं. आबांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. पडदा वर गेला, आणि दोरी प्रसेनजीतच्या मुठींतून सरकत गेलेली स्नेहलला स्पष्ट दिसली. तो ती धरून ठेवायला धडपडत होता.

प्रवेश पुन्हा सुरू झाला. ओवी निम्म्यावर आली तेव्हा औषध दुकानवाला आदर्श हेल्मेट काखेत मारून उठला, दुकान उघडायचंय म्हणाला, आणि प्रेक्षकांच्या मागच्या एकुलत्या दारातून बाहेर पडला. दार लागलं. त्याच क्षणी स्टेजवरचं दार वाजलं.

“अवो, कडी काढा की!”

आदर्शचाच आवाज. लोक पोट धरून हसले. काय युक्ती केली या प्रसेनजीतनं! सोनमचा हात कडीला लागला, पडदा पडला, आणि या वेळचा वन्स मोर पहिल्याहून मोठा होता.

पडदा उघडला. सोनमनं कडी काढली. दारात आदर्श उभा होता, हेल्मेट तसंच काखेत. तो आत आला, मांडी घालून ताटावर बसला. तिनं भाकरी वाढली. त्यानं मोडली. भाकरीतून वाफ आली आणि तव्यावरच्या भाजक्या पिठाचा वास पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

हसू हळूहळू विरलं. ती भाकरी कशाची आहे, हे तिथं सगळ्यांनाच ठाऊक होतं.

यशराज स्टेजवर चढला. “ए आदर्श, ऊठ!” त्यानं खांद्याला धरून हलवलं. आदर्शनं अंगावर माशी बसल्यासारखा खांदा झटकला आणि पुढचा घास घेतला. यशराजनं जाऊन ते दार उघडलं. मागं दगडी भिंत होती. तो खाली उतरला तेव्हा त्याच्या तोंडाला रंग नव्हता.

एक तरुण जोडपं हा सगळा फालतूपणा आहे म्हणत तरातरा बाहेर गेलं. स्टेजवरचं दार दोन हातांनी एकदम वाजायला लागलं. त्या पोरीच्या बांगड्या ऐकू येत होत्या. पडदा पडला तरी वाजणं थांबेना, तेव्हा कुणीतरी रडक्या आवाजात वन्स मोर दिला आणि ती दोघं आत आली. ताटं आता तीन झाली. सोनमनं पुन्हा ओवी धरली.

मागचं दार उघडं टाकून लोक त्याच्यापाशी घोळका करून उभे राहिले. बाहेर रोजचाच रस्ता होता. ऊन पडलं होतं, रसवंतीचं घुंगरू वाजत होतं. आदर्शची मोटरसायकल लावली तिथंच उभी होती. उंबरा ओलांडायला कुणाचं पाऊल उचलेना. दगडी भिंतींत मोबाइलला रेंज आधीपासूनच नव्हती.

प्रसेनजीत विंगेतून पुढं आला. त्याचे तळहात सोलले होते. “सोनम माझंबी ऐकत न्हाय,” तो म्हणाला. “मघापासनं हाका मारतोय. पडदा वडून बघितला. दार वाजल्याबिगर त्यो पडत न्हाय. पडला की मात्र तोंडातनं चकार शब्द काढू नका. गप ऱ्हायलो की नाटक संपतंय. मग घरी जायचं.”

“आणि दार वाजवणाऱ्याचं काय?” तानाबाईंनी विचारलं.

प्रसेनजीत विंगेकडं वळला. यशराज मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. कुणी बाहेर जायचं नाही म्हणाला. सगळे खुर्च्यांवर परत बसले. ओवी संपायची आणि पुन्हा सुरू व्हायची.

आबांना एकेक करून दिलेल्या लिमलेटच्या गोळ्या संपल्या.

आबांच्या कपाळावर घाम आला होता. स्नेहलनं हात धरला तर तो गार आणि थरथरता. “बाय, भूक लागलीया,” ते म्हणाले, आणि जरा वेळानं तेच पुन्हा म्हणाले. हे काय आहे, हे तिला कुणी सांगायला नको होतं. अजून थोडा वेळ असाच गेला तर आबा शुद्धीवर राहणार नाहीत. तिनं रांगारांगांतून विचारलं. कुणाकडं बिस्किट नव्हतं, साखर नव्हती. खायला होतं ते फक्त समोर.

ती स्टेजवर चढली, आदर्शच्या ताटातली भाकरी तिनं उचलली. ऊन होती. हात भाजला. ती घेऊन खाली उतरली आणि बघितलं, तर हातात थर्माकोल होता, वर आबांनीच रंगवलेले डाग.

तिनं आबांच्या खुर्चीकडं पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

आबा मागच्या दाराशी पोचले होते. भेलकांडत, भिंतीला धरून. कुणालाही बाहेर सोडायचं नाही म्हणणारा यशराज तिथंच होता. तो आबांना अडवत नव्हता. त्यानं त्यांच्यासाठी दार उघडून धरलं होतं.

“आबा!”

दार लागलं.

स्टेजवर थाप पडली. हळू, तळहाताची, दमलेल्या माणसाची.

सोनम उठली. कडीला हात लावला. पडदा पडला.

सगळं गोदाम श्वास धरून बसलं होतं. यशराजनं स्नेहलसमोर हात जोडले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पडद्यामागं थाप पडतच होती, आणि प्रत्येक थाप आधीच्या थापेपेक्षा हलकी होती.

“वन्स मोर,” स्नेहल म्हणाली.

कुणीतरी तिला शिवी दिली. पडदा वर गेला.

आबा आत आले. सोनमनं त्यांना हाताला धरून बसवलं, ताट वाढलं, भाकरीवर लोणी घातलं. स्नेहल स्टेजच्या कडेला धावली. खा, आबा, एक घास खा.

आबांनी ताटाला हात लावला नाही. मान डुलत होती. डोळे मिटत होते.

“जेवा की, आबा,” सोनम म्हणाली.

“पोरगी यायची हाय. ती आल्याबिगर मी जेवत न्हाय.”

घरीही तसंच होतं. ती लॅबमधून कितीही उशिरा आली तरी आबा तिच्यासाठी थांबून असायचे. तिनं वर चढून त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्यांनी तिच्या आरपार, अंधारातल्या खुर्च्यांकडं पाहिलं.

“भायेर कोण हाय काय गं?”

“कोण न्हाय, आबा. ती आली की दार वाजवंल,” सोनम म्हणाली.

सोनमनं आबांच्या शेजारी आणखी एक ताट मांडलं आणि ओवी धरली.

स्नेहल खाली उतरली. पर्स तिच्या खुर्चीवर होती, ती तिनं राहू दिली. दाराकडं जायची वाट तिच्याच रांगेतून होती. तानाबाईंपाशी ती थांबली.

“तानामावशी, मी वाजवलं की माझ्यासाठी वराडाल न्हवं?”

“व्हय की. वराडीन की, बाय,” तानाबाई म्हणाल्या.

त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. तिला जाता यावं म्हणून गुडघे तेवढे आत घेतले. मग त्यांच्या पलीकडच्या बाईंनी घेतले, आणि मग सबंध रांगेनं.