धुक्यात दिलेली ओ

चर्चचं छत गळायचं. खाली ठेवलेल्या बादल्या ओतायला मी आणि सासूबाई दुपारी निघालो, तेव्हा चांगलं ऊन होतं. हे काम आमच्याकडे आलं, कारण करायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं. दिवा जरा पुढे ओढा, सांगते.

आमचं गाव या चर्चभोवतीच वसलं. कधीकाळी इथे एक गलबत फुटलं, वाचलेल्या खलाशांनी त्याच्याच लाकडांचं चर्च बांधलं, आणि मग घरांची रांग किनाऱ्यापर्यंत गेली. ती रांग समुद्र गिळत आला. शेवटी सगळे खाडीपलीकडे राहायला गेले. जाताना घंटा उतरवून नेली, आम्हाला तेवढं विसरले, असं मी नवऱ्याला चिडवायची. त्याचा पाय इथून निघत नव्हता.

त्या दिवशी तो पहाटेच होडी घेऊन गेला होता. आमच्या बादल्या ओतून होईतो धुकं दाराशी आलं. खडक दिसेनात. पूर्वी अशा वेळी घंटा वाजवायचे आणि आवाजाच्या रोखाने होड्या परतायच्या. मी एक बादली पालथी घातली आणि हातोडीने बडवायला लागले. तळहाताचं सालटं निघालं. बाहेर नुसतं पाणी खडकांवर आपटत होतं.

"रीत ठाऊक आहे ना?" सासूबाई हळूच म्हणाल्या. "हा आवाज बुडालेल्यांनाही ऐकू जातो. ते आधी येतात... बाकांवर बसतात. बाहेरून हाक आली तरी लगेच ओ द्यायची नाही. आधी बाकं बघायची. आपलं माणूस तिथे नसेल, तरच ओ द्यायची. तिथे असेल, तर बाहेरून हाक मारणारा आपला नव्हे."

"भीती घालू नका, आई."

कुजलेल्या शेवाळाचा वास आला. मागे बाकं करकरली, एकामागून एक, माणसं बसावीत तशी. मी बडवत राहिले.

"सूनबाई..." सासूबाईंनी माझा पदर ओढला. "बघ गं..."

मी वळले. खिडकीजवळच्या बाकावर माझा नवरा बसला होता. ओलाचिंब, मान खाली. शर्टातून पाणी ठिबकत होतं.

तेवढ्यात बाहेरून, पाण्याकडून, त्याचीच हाक आली. "अगं, कुठे आहेस? काही दिसत नाहीये..."

सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात दाबला. मी तो झिडकारला. बाकावरचा नवरा घेऊन मी काय करणार होते? मला घरी येणारा हवा होता, मग तो कसाही असो. मी ओ दिली. घसा बसेपर्यंत देत राहिले.

तो आला. आत झोपलाय, म्हणून हळू बोलतेय. जेवतो, हसतो, माझी थट्टाही करतो. सासूबाई मात्र त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. रोज चर्चमध्ये जाऊन त्या खिडकीजवळच्या बाकावर बसून येतात. काल जाताना कोरडा शर्ट घेऊन गेल्या आणि येताना ओला घेऊन आल्या. मी तो पिळून दोरीवर टाकला. कॉलरला मीच लावलेलं निळं ठिगळ होतं. तोच शर्ट, त्याच ठिगळासकट, आत झोपलेल्याच्या अंगात आहे.