इब्तिसामची अमानत

ही गोष्ट खरी आहे, माझ्याच बाबतीत घडलेली. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. वाद घालायचं त्राण आता माझ्यात नाही.

१० जून २०१८. रमजानचा पंचविसावा रोजा.

जागा इजिप्तमधल्या तांताजवळच्या एका विद्यापीठाची प्रयोगशाळा. नाव सांगत नाही, अजून माझी नोकरी तिथेच आहे.

रात्र नव्हती. सूर्य मावळायला वीस मिनिटं होती.

मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते. एक नवा पदार्थ बनवला होता, पण त्याचे स्फटिक होत नव्हते. स्फटिक नाहीत तर एक्स-रे नाही, एक्स-रे नाही तर रेणूची रचना सिद्ध होत नाही. दोनदा मुदत वाढवून घेतली होती. ईदनंतरच्या बैठकीत माझं नाव कापणार, असं गाइडने तोंडावर सांगितलं होतं. इकडे बाबा गल्लीभर ‘आमची डॉक्टर’ म्हणून सांगून बसले होते.

आणि माझ्या चंबूत नुसतं चिकट, तपकिरी तेल.

हा पदार्थ आधी इब्तिसामकडे होता. माझ्या चार वर्षं पुढची. तिला स्फटिक मिळाले, असं म्हणत. मिळाले त्याच संध्याकाळी रोजा सोडायला घाईघाईने घरी निघाली आणि तिची मायक्रोबस उलटली. बाटली तिच्या पर्समध्ये होती. काही उरलं नाही. त्यानंतर ते कुणालाच जमलं नव्हतं.

शिपाई अम्म रिफअत किल्ल्या वाजवत आले. अम्म म्हणजे काका, सगळे त्यांना तसंच म्हणत.

“डॉक्टरबाई, घरी जा. आईने मोलोखियाची भाजी केली असेल. तुझं हे तेल कुठे पळून जात नाही.”

मी म्हटलं, आज इथेच सोडते रोजा. ते पुटपुटत गेले. इमारत रिकामी झाली. पंखासुद्धा बंद...

मी काचकांडीने चंबूची आतली भिंत घासत बसले. असं घासलं की कधी कधी स्फटिक धरतात. इब्तिसामचीही तीच सवय होती. तीनदा घासायची आणि थांबायची, कान देऊन ऐकल्यासारखी.

काही झालं नाही. मी चंबू काचेच्या कपाटात ठेवला, कांडी ॲप्रनच्या खिशात टाकली आणि रडले. मनापासून, मोठ्याने म्हणाले, “इब्तिसाम, तुला जमलं होतं गं. मला दे. एकदाच दे.”

अजान सुरू झाली.

मी खजूर तोंडात टाकला...

किर्र. किर्र. किर्र.

मग शांतता.

किर्र. किर्र. किर्र...

आवाज पाठीमागून येत होता, कपाटातून. कपाटाची काच खाली ओढलेली होती. माझी कांडी माझ्या खिशात होती, मी हात लावून पाहिला.

मान वळवायची हिंमत झाली नाही. खजुराची बी तशीच जिभेवर राहिली.

अजान संपली. आवाजही थांबला.

मी वळले. चंबूत तेल नव्हतं. स्वच्छ द्रव होता, आणि तळाशी पिवळे, लांबट स्फटिक.

मी पळाले नाही, हे कबूल करते. रडत रडत ते मोजले. सात होते.

अम्म रिफअत रोजा सोडून चहा घेऊन आले. चंबू पाहून त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला.

“तिनेही मला दाखवले होते त्या दिवशी,” ते हळू म्हणाले. “सातच होते. पोरी, ही अमानत आहे, तिची ठेव. तिचं नाव घाल. तिच्या आईला जाऊन सांग.”

“घालते, अम्म.”

एक स्फटिक कैरोला पाठवला, सहा बाटलीत सीलबंद केले. आठवड्याने निकाल आला. रचना बरोबर होती. फक्त स्फटिकाच्या पोकळीत टोल्यूइन या द्रावकाचा एक रेणू अडकलेला होता.

मी टोल्यूइन वापरलंच नव्हतं. आमच्याकडचं टोल्यूइन संपून दोन वर्षं झाली होती.

मी इब्तिसामची जुनी वही शोधून काढली. शेवटच्या पानावर एकच ओळ होती. ‘टोल्यूइन. हलवू नये.’

प्रबंधात मी तेच लिहिलं, स्वतःचं म्हणून. तिचं नाव घातलं असतं तर कसं, कुठून, हजार प्रश्न आले असते. पदवी गेली असती. आभारातही ती नाही. वही मी घरी नेली.

निवृत्त होईपर्यंत अम्म रिफअतनी मला पुन्हा कधी डॉक्टरबाई म्हटलं नाही.

बाटली माझ्या कपाटात आहे. सील शाबूत, किल्ली माझ्याकडे. पण दर रमजानला, पंचविसाव्या रोजाच्या अजानला, कपाटातून तो आवाज येतो...

आणि एक स्फटिक कमी होतो.

आई म्हणते, रमजानमध्ये जिन्न बांधून ठेवलेले असतात. मग हे कोण करतं, ते आईला विचारायची मला भीती वाटते.

आता एकच उरलाय.

काल शेवटी इब्तिसामच्या आईला फोन लावला. सगळं सांगायचं ठरवलं होतं. म्हातारीने उचलला, “कोण?” म्हणाली. माझ्या तोंडून शब्द फुटेना. हातातली पेन्सिल मी टेबलावर घासत होते, तीनदा आणि थांबून, हे मला तेव्हा कळलंच नाही.



मग ती म्हणाली, “इब्तिसाम?”

मी फोन ठेवला.

पंचविसाव्या रोजाला अजून अकरा दिवस आहेत.