एमिलनं केलेली सही

क्लीव्हलंडच्या नोव्हेंबरात धड पाऊस पडत नाही, धड बर्फही नाही — दोन्हींचा मिळून चिखल पडतो. त्या चिखलातून लिलावगृहाच्या पायऱ्या चढताना रेनाटा हुडाकच्या हातातली कागदी पिशवी फाटली आणि बेसबॉलचा जुना चेंडू टपटप करत खाली निघाला. खालून येणाऱ्या माणसानं तो झेलला... टोपीत.

"हातानं झेलता आला नाही?"

"आला असता. पण सहीवर बोटं उमटली असती." त्यानं टोपी पुढे केली. "वॉरन टेट. इथं सह्या तपासतो."

"मग तुमच्यासाठीच आणलाय म्हणा ना!"

चेंडू तिच्या वडिलांचा, एमिलचा; त्यावर एका नामवंत खेळाडूची सही, तिच्या लहानपणी एका सामन्याला मिळालेली. सोबत त्याच सामन्याचं पिवळं पडलेलं तिकीट. एमिल आता वृद्धाश्रमात होते. लेकीला कधी ओळखत, कधी नाही. तिथला खर्च भागवायला घरात विकण्याजोगं एवढंच उरलं होतं.

मग वॉरनचे फोन येऊ लागले. तिकिटाला घडी कशी पडली? ते ठेवलं कुठं होतं? तुला कॉफी कशी लागते?

"हेही लिलावाच्या यादीत छापणार?"

"नाही... हे माझ्यापुरतं."

एका संध्याकाळी कॉफीच्या दुकानात मात्र समोरच्या ॲपल पायला त्यानं हातही लावला नाही.

"रेनाटा, सही खोटी आहे."

"बाबांनी स्वतः आणलीय ती!"

"अक्षर त्या खेळाडूचं नाही."

"तू गप्प बसलास तर कुणाला कळणारे?"

त्यानं मान खाली घातली. "मला."

ती कोट आणि चेंडू उचलून निघाली, ती थेट वडिलांकडे. एमिलनी चेंडू हातात फिरवला आणि खुदकन हसले.

"मीच केली. माझ्या रेनाटाला पहिल्यांदा सामन्याला नेलं होतं. तो खेळाडू गाडीत बसून निघून गेला, अन् ही पावसात रडवेली उभी. म्हटलं थांब, आणतो... आणि भिंतीआड जाऊन केली." मग एकदम घाबरून त्यांनी दाराकडे पाहिलं. "तिच्या आईला सांगू नकोस हं. बाहेरच बसलीय."

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"नाही सांगत, बाबा."

लिलावात फक्त तिकीट गेलं. हातोडा पडताच रेनाटा उठली. मागं भिंतीशी वॉरन उभा होता. तिनं त्याला सगळं सांगितलं.

"चेंडू घरी नेतेय मी."

"अजून रागावलीयस?"

"हो." ती थोडं थांबली. "रविवारी बाबांकडे येशील? तुला ते ओळखणार नाहीत. मलाही ओळखतील असं नाही."

"मग दर रविवारी नव्यानं ओळख करून देईन."

"काय म्हणून?"

"तुमच्या मुलीच्या प्रेमात पडलेला माणूस... म्हणून."

तिनं त्याच्याच बाहीला डोळे पुसले.

"दोन वाजता ये. जेवल्यावर जरा भानावर असतात ते."