विहीणबाईंची आंबट डाळ

सुनेनं घास तोंडाशी नेला, डोळे मिटून क्षणभर तसाच धरला आणि मग हलकेच ताटात परत ठेवला... सासूबाईंच्या काळजात चर्र झालं. सातवा महिना लागलेला, हातापायांच्या काड्या झालेल्या, आणि कालच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की पोटात अन्न टिकलं नाही तर हिला दवाखान्यात ठेवून घ्यावं लागेल, बाळाची वाढ मागे पडते आहे. आणि जिच्या हाताच्या चवीचं अवघ्या नात्यागोत्यात कौतुक, जी या परक्या देशात आली होती तीच मुळी सुनेला खाऊपिऊ घालायला, तिच्या हातचा एक घास त्या पोरीच्या घशाखाली उतरत नव्हता!

"छान झालंय आई. मी नंतर खाते," सून म्हणाली.

नंतर ती खाणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं.

दुपारी वाळलेले कपडे उचलून सासूबाई आत येत होत्या, तो लोटलेल्या दाराआडून सुनेचा आवाज आला. माहेरी फोन चालला होता.

"अगं, मिळतं की सगळं इथं. आणि सासूबाई आहेत ना, पुढ्यात बसून खायला घालतायत... आंबट डाळ? छे गं. आता आठवणही येत नाही मला तिची."

फोन ठेवल्यावर मात्र आतून जो हुंदका आला, तो ऐकून सासूबाई कपड्यांचा ढीग छातीशी धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या. ती डाळ त्यांना चांगली आठवत होती. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात घर पाहुण्यांनी भरलेलं असताना नव्या नवरीनं हौसेनं माहेरची आंबट डाळ केली होती आणि फोडणीतल्या लसणाचा पार कोळसा करून ठेवला होता. सासूबाईंनी सगळ्यांदेखत पातेलं उचलून मोरीत उपडं केलं होतं आणि समोर बसलेल्या विहीणबाईंना सुनावलं होतं, "मुलीला साधी फोडणी शिकवली नाहीत?" त्या माउलीनं उठून हात जोडले होते. "चुकलं तिचं. सांभाळून घ्या," एवढंच म्हणाली होती, आणि पुन्हा त्या घराची पायरी काही चढली नव्हती.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. सासूबाईंनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "तिनं इथे कधी केली होती का रे ती डाळ?"

"आल्याआल्या केली होती एकदा. घरभर करपट वास. मी म्हटलं, आई असती तर मोरीत ओतली असती." तो हसला. "तेव्हापासून नाही केली."

तो हसला आणि सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपला अहंकार आपल्याआधीच इथे येऊन चुलीपाशी ठाण मांडून बसला होता तर...

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच बाहेर पडल्या. भाषा येत नव्हती, रस्ते सगळे सारखे. धुलाईच्या दुकानामागच्या गल्लीत लाल-पिवळी पिठं आणि डाळी काचेआड दिसल्या तेव्हा, खोटं कशाला सांगा, त्यांना माहेरचं दार दिसल्यासारखं वाटलं. डाळ बोटानं दाखवता आली; चिंच कुठेच दिसेना. तेव्हा उभ्या जन्मात परपुरुषासमोर मोठ्यानं न हसलेल्या त्या बाईनं भर दुकानात एक डोळा मिटून, जीभ टाळ्याला लावून टॉक् केलं. दुकानदारानं आधी लिंबू आणलं, मग खोकल्याचं औषध आणलं. तिसऱ्यांदा तोंड वेंगाडल्यावर तो पोट धरून हसला आणि आतून चिंचेचा गोळा घेऊन आला.

डाळ त्यांनी जीव ओतून केली. लसूण सोनेरी झाला त्या क्षणी गॅस बंद केला. सुनेनं वाटी पाहिली मात्र, तिचे डोळे भरून आले. तिनं दोन घास खाल्ले, सासूबाईंच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "फार छान झालीय," आणि तोंडावर पदर दाबून मोरीकडे धावली.

आता एकच दार उरलं होतं. मुलाच्या आईनं मुलीच्या आईपुढे पदर पसरायचा, हे सासूबाईंच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. पण सून पडून राहिली होती, आणि तिच्या पोटातल्या जिवाला मानपान कळत नव्हता. त्यांनी चुलीपाशी उभं राहून फोन लावला.

"विहीणबाई... मी बोलतेय."

पलीकडून घाईनं प्रश्न आला. "पोरीला काही झालं का?"

"नाही, नाही. ती... जेवत नाही हो. माझ्या हातचं काही तिला चालत नाही. तुमची आंबट डाळ कशी करायची ते सांगाल का मला?"

आता दोन शब्द ऐकावे लागणार, आणि ते आपण ऐकलेच पाहिजेत, म्हणून सासूबाई मान खाली घालून थांबल्या. पण विहीणबाई म्हणाल्या, "गॅस पेटवा. मी आहे फोनवर."

सासूबाईंनी फोनचा आवाज मोठा करून तो ओट्यावर ठेवला. डाळ शिजली होतीच. चिंचेचा कोळ पडला, तेल तापलं.

"लसूण घातला. सोनेरी झाला, काढू?"

"नको. करपू द्या."

"करपू द्या?"

"काळा होऊ द्या चांगला. आमच्याकडे तशीच करतात. त्याशिवाय चिंचेला चव येत नाही."

सासूबाईंच्या हातातला झारा थांबला. कढईतून धूर वर आला, डोळ्यांत गेला...

"म्हणजे त्या दिवशी... तिचं चुकलं नव्हतं."

"नव्हतं."

"मग हात का जोडलेत? बोलला का नाहीत हो?"

"मुलगी तुमच्या घरात ठेवून जायची होती मला," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. "फोडणी ओता आता, फार जळेल."

डाळ चर्रकन उसळली आणि त्या वासासरशी सून भिंतीला धरत दारात आली. कढईकडे, सासूबाईंच्या ओल्या चेहऱ्याकडे आणि फोनमधून येणाऱ्या आपल्या आईच्या आवाजाकडे ती आळीपाळीनं पाहत राहिली. सासूबाईंनी वाटी भरून दिली. ती तिथंच जमिनीवर बसली आणि वाटी तोंडालाच लावली. संपवली. मग रिकामी वाटी पुढे केली.

"खाल्लं का गं तिनं?" फोनमधून आवाज आला.

"खातेय. पुन्हा मागतेय." सासूबाईंनी फोन जवळ घेतला. "विहीणबाई, बाळंतपणाला तुम्ही या. इथे जागा एकीचीच आहे, मी परत जाते. हा मान तुमचा आहे. माझी तोंड दाखवायची लायकी नाही."

"काहीतरीच बोलता. तिच्या आजारी बाबांना सोडून मला कुठे निघता येतंय?" विहीणबाई म्हणाल्या. "आणि मी कशाला हवी आता? तिची आई आहे ना तिथे."

सासूबाईंनी फोन सुनेच्या हातात दिला आणि दुसरी वाटी भरायला वळल्या.